खडा

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. २०२५ची जानेवारी. आईच्या मोत्यांच्या कुड्यांची एक फिरकी सैल झाली होती, ती बदलून आणायला मी डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो होतो. पेढी लहान आहे. आत चार माणसं बसली की पाचव्याला पायरीवर उभं राहावं लागतं. सत्तरीचे सराफ डोळ्याला भिंग लावून कुडीचा आटा बघत होते आणि शेजारच्या स्टुलावर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी वर आलेली. दोनदा म्हणाली, "तुमचं होऊ द्या, मला घाई नाही." माझ्याशिवाय दुकानात कुणी उरलं नाही तसं तिने पर्समधून टिश्यू पेपरची पुडी काढली, ती उलगडली आणि मखमलीच्या ट्रेमध्ये एक खडा ठेवला. वाटाण्याएवढा. ट्यूबलाइटच्या उजेडात त्याच्यातून लाल, निळे, हिरवे ठिपके ट्रेभर सांडले. मी हिरे फार पाहिलेले नाहीत, पण पाहिले त्यांतला एकही इतका चमकत नव्हता.

"काका, याचे किती येतील?"

सराफांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खड्याकडे. खणातून पेनासारखं एक यंत्र काढून त्याचं टोक खड्यावर टेकवलं. यंत्रावरचे बारीक दिवे एकेक करत वर चढले आणि ते पीप-पीप वाजायला लागलं. "वाजलं ना?" ती एकदम पुढे वाकली. तिचा आवाज बदलला होता. "वाजलं," सराफ म्हणाले, "पण ताई, ते यावरही वाजतं." हे यंत्र फक्त उष्णता ओळखतं, हिऱ्यातून उष्णता झरकन निघून जाते, या खड्यातूनही तशीच जाते, म्हणून यंत्राला फरक कळत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग स्वतःच्या डोळ्यावरचं भिंग काढून तिच्या हातात दिलं. "सरळ वरून नका बघू, जरा तिरका धरा. तळाच्या कडा दिसतात? एकेक कड दोन-दोन दिसते का बघा." तिने बराच वेळ पाहिलं. खडा धरलेली बोटं थरथरत होती, त्यामुळे तिला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून बघावं लागत होतं. "दोन दिसतात," ती शेवटी म्हणाली. "हिऱ्यात एकच दिसते," सराफ म्हणाले.

हिरा नाही हे तिला ठाऊक होतंच. सर्टिफिकेट घरी आहे, त्यावर मॉइसनाइट असंच लिहिलंय, मला फक्त काय येईल तेवढं सांगा, म्हणाली. मोडीला काही येणार नाही, सराफ म्हणाले, आणि ते सांगताना त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला उगाच तिथे बसल्याची लाज वाटली. तिने टिश्यूची घडी पूर्वीच्याच घड्यांवर घातली. उठताना आम्हां दोघांकडेही न बघता म्हणाली, "माझं जाऊ दे हो. माझ्या शब्दावर अकरा जणींनी घेतलेत."

खडा कुठून घेतला ते तिने सांगितलं नाही, सराफांनी विचारलं नाही, आणि मीही इथे अंदाज बांधत नाही. पण त्या दिवसांत मुंबईत मॉइसनाइट हा शब्द नव्याने सगळ्यांच्या तोंडी आला होता. दादरला वर्षभरापूर्वी टोरेस नावाचं चकचकीत दालन उघडलं होतं. मग ग्रँट रोड, कांदिवली, मीरा रोड, सानपाडा, कल्याण अशी आणखी दालनं झाली. खडा विकत घ्यायचा आणि त्या रकमेवर दर आठवड्याला बोनस मिळवायचा, अशी योजना. आठवड्याला सहा टक्के, शेवटी शेवटी तर अकरा टक्क्यांपर्यंत. नवा माणूस आणला की त्याचा बोनस वेगळा. आठवड्याला सहा म्हणजे वर्षाला तीनशे बारा टक्के, हा गुणाकार चौथीतलं पोर करेल. पण पैसे खरोखर खात्यात जमा होत होते, दर आठवड्याला, मोबाइलवर मेसेज येत होता, आणि आलेला मेसेज शेजारणीला दाखवता येत होता. डिसेंबर २०२४च्या अखेरीस पैसे येणं थांबलं आणि ६ जानेवारीच्या सोमवारी दादरच्या दालनापुढे माणसांची रीघ लागली. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात पहिली तक्रार नोंदवली ती भाजी विकणाऱ्या एका माणसाने. मग प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं, युक्रेनच्या नागरिकांची नावं आरोपींच्या यादीत आली, त्यातले काही आधीच देशाबाहेर गेलेले होते. गुंतवणूकदारांची संख्या लाखाच्या वर गेली. दादरच्या बाजारात पहाटे चारला उठून मेथीच्या जुड्या बांधणारी माणसं, फूलवाले, घरकाम करणाऱ्या बायका यांचे पैसे त्यात होते. आणि तो मॉइसनाइट म्हणजे तरी काय, तर एका उल्केच्या विवरात १८९३ साली पहिल्यांदा सापडलेला, आता कारखान्यात तयार होणारा पदार्थ. सुऱ्यांना धार लावायच्या दगडात तोच असतो.

त्या आठवड्यात लोकलमध्ये हाच विषय. सकाळी सात बावन्नच्या डब्यात आमचा ठरलेला गट आहे, शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांतली माणसं. कुणी म्हणालं, हाव दुसरं काय. कुणी म्हणालं, आठवड्याला सहा टक्के कुठे असतात का, अक्कल गहाण टाकली होती का. अति तिथे माती. फुकटचं पचत नाही. घाटकोपर येईपर्यंत त्या भाजीवाल्यांची पार धुलाई झाली होती आणि ज्यांनी पैसे नेले त्यांचं नाव एकदाही कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. एरवी मीही त्यात एखादं वाक्य टाकलं असतं. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसलो.

कारण कुड्या.

या कुड्या आईने १९९६ साली केल्या, स्वतःच्या कमाईने. ती तिची पहिली कमाई आणि शेवटचीही. आम्ही तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. अण्णा एसटीत कंडक्टर होते. रात्री ड्यूटीवरून आले की जेवणाआधी चिल्लर मोजायचे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पावलीची, अधेलीची, रुपयाची वेगवेगळी चळत, शेजारी वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि तिकिटांची पेटी. दहा पैसे कमी आले तर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पोरं बाजूला बसून त्या चळती सरळ करायचो आणि हाताला येणारा नाण्यांचा तो तांब्या-पितळेचा वास शाळेतसुद्धा यायचा. दुसऱ्याचा पैसा घरात रात्रभर ठेवायचा तर तो देवघराखालच्या फडताळात, असा अण्णांचा नियम होता. अशा माणसाच्या घरात एका बचत कंपनीची एजन्सी आली. त्यांच्या नोकरीमुळे ती आईच्या नावावर घेतली होती.

कंपनीचं ऑफिस स्टँडसमोरच्या औषधांच्या दुकानावर होतं. महिन्याला वीस, तीस, पन्नास, शंभर, ज्याला जे झेपेल ते भरायचं, साडेतीन वर्षांत दुप्पट. बँकेत तेव्हा पाच-सहा वर्षं लागायची. खातं उघडताना स्टीलचा डबा मिळायचा, झाकणावर कंपनीचं नाव कोरलेला. कंपनीचा साहेब सांगलीहून यायचा, पांढरा सफारी घालून, आणि आमच्या घरी खाली बसून पोहे खायचा. खाली बसला याचं आईला फार अप्रूप वाटलं होतं, ते तिने चार घरी सांगितलं. शेकडा सहा रुपये कमिशन. आई महिन्याच्या सात तारखेनंतर दुपारी, जेवणं उरकल्यावर, पदर खोचून कॉलनीत निघायची. दवाखान्यातल्या सिस्टर, शिवणकाम करणाऱ्या मावशी, खाणावळीच्या काकू, पापड लाटून देणाऱ्या दोघी बहिणी. पैसे घ्यायचे, पासबुकावर सही करायची, पावती फाडायची. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. तिची सही त्या आधी वर्षाकाठी दोनदा लागायची, आमच्या प्रगतिपुस्तकांवर. आता महिन्याला तीस-तीस सह्या. सही करताना ती जीभ किंचित बाहेर काढायची आणि शेवटच्या अक्षराखाली एक छोटी आडवी रेघ मारायची. ती रेघ तिने एजन्सी मिळाल्यावर चालू केली होती.

तिला लोभ होता का? होता, असंच मला म्हणावं लागेल, नाहीतर मी लबाडी करतोय. कमिशनचा हिशेब ती रॉकेलच्या कार्डामागे लिहून ठेवायची आणि एखादी बाई खातं उघडायला आढेवेढे घ्यायला लागली की तिची समजूत घालताना तिच्या आवाजात एक गोडवा यायचा, जो एरवी नसायचा. मी तेव्हा आठवीत होतो आणि तो गोडवा मला ओळखू यायचा, आवडायचा नाही. पण त्या लोभाचं मोजमाप काय, तर महिन्याला नव्वदेक रुपये आणि दीड-पावणेदोन वर्षांनी एक कुड्यांचा जोड. लग्नात तिला माहेरहून कुड्या घातल्या होत्या त्या आजोबांच्या आजारपणात मोडल्या होत्या. लग्नाकार्यात कानात साध्या रिंगा घालून ती मागच्या रांगेत बसायची. या नव्या कुड्या घालून ती पहिल्यांदा देवळात गेली त्या संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून तिच्याकडे कितीतरी वेळ बघत होते, हे मला दिसलं होतं.

मग एके दिवशी ऑफिसला कुलूप.

त्याच्या आधीचे दोन महिने मुदती आलेले पैसे उशिरा मिळत होते, साहेब येत नव्हता, सांगलीचा फोन उचलला जात नव्हता. तरी आईने त्या दोन्ही महिन्यांचे पैसे गोळा करून भरले होते. याच दोन महिन्यांवरून ती पुढे स्वतःला सगळ्यात जास्त बोल लावायची. "मला शंका आली होती," ती म्हणायची, "आली होती आणि मी गेले." खाती एकतीस होती. अण्णांनी एका जुन्या वेबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर सगळी नावं लिहिली, नावापुढे भरलेली रक्कम, खाली बेरीज. ३४,२००. अण्णांचा वर्षाचा पगार त्याहून फार जास्त नव्हता. अण्णा पोलीस ठाण्यात गेले तर तिथे त्यांना सांगितलं गेलं की पावत्यांवर सही तुमच्या मिसेसची आहे, तक्रार करायची तर आधी त्यांचंच नाव येईल, बघा बुवा. अण्णा घरी आले, चप्पल काढायची विसरून तसेच आत आले आणि देवघरापाशी बसले. ठेवीदारांसाठीचा महाराष्ट्राचा वेगळा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, तो आला १९९९ साली. त्या कायद्यात कंपनीची आणि चालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद आहे. नव्वदच्या दशकात राज्यभर अशा कंपन्या बुडाल्या, तेव्हा कुठे तो झाला. आमच्या एकतीस जणी त्याच्या आधीच्या.

पहिले काही दिवस बायका घरी आल्या, रडल्या, एक-दोघी भांडल्या. भांडल्या त्यांचं आईला काही वाटलं नाही. नंतर त्या यायच्याच बंद झाल्या, ते तिला लागलं. पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू मला अजून जसंच्या तसं दिसतं. आईने दरवर्षीसारखं चाळिसाचं सामान आणलं होतं. वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या होत्या, हिरव्या आणि गुलाबी. पातेलंभर मसाला दूध केलं, तिळगुळाच्या वड्या पाडल्या, गुलाबदाणी घासून लख्ख केली. नऊ जणी आल्या. संध्याकाळी सात वाजता आईने दारातली रांगोळी ओलांडून दोनदा रस्त्याकडे पाहिलं. आठ वाजता पाट उचलले. आम्ही तीन दिवस मसाला दूध पीत होतो आणि त्या साबणदाण्या आमच्या घरात इतकी वर्षं निघाल्या की मी कॉलेजला पुण्यात गेलो तेव्हाही हॉस्टेलवर माझ्याकडे एक हिरवी साबणदाणी होती.

अण्णांनी पीएफवर कर्ज काढलं, आईने पाटल्या मोडल्या. लहान रकमांचे आधी द्यायचे असं ठरलं, वीस-तीस भरणाऱ्या बायकांचे, कारण त्यांनी पोटाला चिमटा काढून भरले होते. पन्नास-शंभरवाल्यांतल्या काहींचे अर्धे दिले, काहींचे राहिले ते राहिलेच. दवाखान्यातल्या सिस्टरनी पैसे घ्यायला नकार दिला आणि बोलणंही सोडलं, या दोन्हींतलं जास्त जड कोणतं हे आईला कधी ठरवता आलं नाही. एवढं सगळं झालं, पाटल्या गेल्या, पण कुड्या मोडल्या नाहीत. अण्णा एकदा म्हणाले, "त्याही देऊन टाकू या का?" आई काही बोलली नाही. तिने त्या मोडल्या नाहीत आणि पुन्हा कधी घातल्याही नाहीत. लग्नाकार्यात परत रिंगा. याचा अर्थ मी वेगवेगळ्या वयांत वेगवेगळा लावला. विशीत मला तो तिचा हट्ट वाटला, थोडा रागही आला, कारण शिवणकामवाल्या मावशींचे पैसे फिटले नव्हते आणि त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. आता वाटतं, तिने स्वतःच्या हाताने मिळवलेली ती एकच गोष्ट होती आणि ती कशातून आली हे माहीत असूनही तिला ती पुसून टाकायची नव्हती. हेही कदाचित माझंच म्हणणं. विचारायचं धाडस झालं नाही.

म्हणून गाडीत कुणी 'हाव' म्हणालं की मला पुढचं ऐकवत नाही. बरं, जिथे काडीचाही लोभ नव्हता तिथे तरी आपण माणसांना सोडतो का? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेचं घ्या. २०१९चा सप्टेंबर, पितृपक्ष चालू होता. २३ तारखेला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना कळलं की सहा महिन्यांत आपल्या खात्यातून आपल्याला एक हजार रुपये काढता येतील. एक हजार, सहा महिन्यांत. मी मंगळवारी कामानिमित्त मुलुंडला होतो, तिथल्या शाखेबाहेर रांग नव्हती, नुसता जमाव होता. एक आजोबा पासबुक उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवत होते, जणू पासबुकातला आकडा दुसऱ्याने पाहिला की तो खरा ठरणार होता. १९८४ साली सायनमध्ये सुरू झालेली बँक, १३७ शाखा, ११ हजार कोटींच्या वर ठेवी. व्याज चारचौघींसारखंच. कुणी दुप्पट करून देतो म्हणालं नव्हतं. पगार, पेन्शन, सोसायटीचा निधी, गुरुद्वाराचे पैसे असं सगळं तिथे होतं. रिझर्व्ह बँकेच्याच कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांच्या ठेवीही तिथे होत्या. आणि बँकेने दिलेल्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त, सुमारे साडेसहा हजार कोटी, एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे गेलेले. ती थकलेली ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ खोटी खाती कागदावर तयार केली होती. एकवीस हजार एकोणपन्नास. मी या आकड्यापाशी नेहमी अडतो. एकेका खोट्या खात्याला नाव द्यावं लागलं असेल, रक्कम टाकावी लागली असेल, कुणीतरी संगणकापुढे बसून संध्याकाळपर्यंत ते काम केलं असेल, मधे चहा घेतला असेल, आणि सहाची लोकल पकडून घरी गेलं असेल.

ईडीने पुढे जप्ती केली त्या यादीत महागड्या गाड्या होत्या, खासगी विमान होतं, अलिबागचा बंगला होता. लोभ बघायचाच तर तो तिथे होता, पण गाडीतल्या माझ्या मित्रांनी तेव्हाही काय म्हटलं होतं? "सहकारी बँकेत एवढे पैसे ठेवतात का कुणी?" काढायची मर्यादा हजाराची दहा हजार झाली, पंचवीस झाली, चाळीस, पन्नास, पुढच्या जूनमध्ये लाख. आझाद मैदानात, रिझर्व्ह बँकेच्या दाराशी, न्यायालयाबाहेर म्हातारी माणसं फलक घेऊन उभी राहिली. त्या ऑक्टोबरात काही खातेदार धसक्याने गेले. ठेवींवरचा विमा १९९३पासून एक लाखावर अडकला होता, तो फेब्रुवारी २०२०मध्ये पाच लाख झाला. जानेवारी २०२२मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांच्या वरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने मिळतील असं ठरलं, मोठ्या ठेवीदारांचा शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. म्हणजे २०३२. मुलुंडच्या त्या आजोबांची पाच लाखांच्या वर काही ठेव होती की नाही मला ठाऊक नाही, पण २०३२ हा आकडा वाचला तेव्हा मला त्यांचं पासबुकावरचं बोट आठवलं.

या सगळ्या प्रकरणांत पैसा हातोहात जातो तो ओळखीच्या वाटेने, हे मला आता इतक्या वर्षांनी दिसतं. भाजीवाला शेजारच्या गाळेवाल्याला सांगतो, वहिनी वहिनींना सांगतात. भिशी आपल्याकडे अशीच चालते, नुसत्या शब्दावर, आणि बहुतेक भिशी कधी बुडत नाही. याची टोपी त्याला घालणारे बरोबर तोच शब्द वापरतात. ते स्वतः कधीच दारोदार येत नाहीत. ते आईला पाठवतात. कोसळल्यावर ते विमानात बसतात आणि आई त्याच गल्लीत राहते, त्याच नळावर पाणी भरते, त्याच गिरणीत दळण टाकते. आवळा देऊन कोहळा काढणारा वेगळाच असतो, लोकांना दिसतो तो आवळा वाटणारा हात. त्या पेढीवरच्या बाईला स्वतःच्या पैशांचं दुःख होतंच, पण ती तिथे आली होती अकरा जणींसाठी. खड्याचे निदान काही हजार येतात असं कळलं असतं तर ती प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगू शकली असती, अगदीच काही गेलं नाही हो तुमचं. यंत्र वाजलं तेव्हा ती पुढे वाकली ती त्यासाठी, अशी माझी खात्री आहे. आईनेही तेव्हा त्या स्टीलच्या डब्यांचा हिशेब केला होता. डबा बाजारात कितीला मिळतो याची चौकशी करून आली होती.

सराफांनी नवी फिरकी बसवली, कुडी हातात देण्याआधी विचारलं, "घालायच्या आहेत की ठेवायच्या? घालायच्या असतील तर आटा थोडा सैल ठेवतो." मुलीला घालायच्यात, मी म्हटलं. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं लग्न होतं, तिला नऊवारीवर आजीच्या कुड्या हव्या होत्या. आईने एका शब्दाने नाही म्हटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा आई गॅलरीत वाटाणे सोलत बसली होती. एकोणऐंशी वय, ऐकायला जरा कमी येतं. कुड्या तिच्या हातात दिल्या. तिने फिरकी दोनदा फिरवून पाहिली, ठीक आहे म्हणाली आणि डबी बाजूला ठेवली. मी तिला त्या बाईची गोष्ट सांगणार नव्हतो, पण सांगितली. खडा, यंत्राचा आवाज, दोन दिसणाऱ्या कडा. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"किती जणी म्हणालास?"

"अकरा."

"अकरा," ती म्हणाली. मग वाटाण्याचं ताट तिने मांडीवरून खाली ठेवलं आणि बोटांवर मोजायला लागली. आधी मला कळलंच नाही ती काय मोजतेय. सिस्टर, शंभर. खाणावळीच्या काकू, पन्नास. पापडवाल्या दोघी, वीस-वीस. शिवणवाल्या, पन्नास. कॉलनीच्या पहिल्या घरापासून ती निघाली होती, डाव्या बाजूने वर, मारुतीच्या देवळापाशी वळून उजव्या बाजूने खाली, ज्या वाटेने ती दुपारी पैसे गोळा करायला जायची त्याच वाटेने. अण्णांनी लिहिलेला तो कागद त्यांच्या पश्चात कुठे सापडला नाही, त्याची गरज नव्हती. तीस झाल्या. एकतिसावी आठवेना. तिने पुन्हा देवळापासून मोजलं, पुन्हा तीसच. "असू दे गं आई," मी म्हटलं. ती काही बोलली नाही, वाटाणे घेऊन आत गेली.

रात्री साडेदहाला दिवे मालवल्यावर तिच्या खोलीतून हाक आली. मी उठून गेलो. ती अंधारात बिछान्यावर बसली होती.

"अरे, पिठाच्या गिरणीच्या मागे राहायच्या त्या," ती म्हणाली. "महिन्याला वीस भरायच्या. पैसे द्यायला गेलो तेव्हा खोली सोडून गेल्या होत्या. त्यांचे दोनशे चाळीस द्यायचे राहिले."